कंजी आणि दोन शर्ट

सुभद्रा टीचरांनी मला पहिल्यांदा जेवायला बोलावलं, तेव्हा मी दोन धुतलेले शर्ट घेऊन गेलो होतो.

चूक माझी एकट्याची नव्हती, दोन भाषांची होती, असं मी अजूनही सांगत असतो. जपानात, इचिकावातल्या आमच्या इमारतीच्या जिन्यात त्या भेटल्या. मोतिया रंगाची साडी, पायात मुलाचे जुने स्पोर्ट शूज, हातात जाळायच्या म्हणून वेगळ्या काढलेल्या कचऱ्याची पिशवी. म्हणाल्या, "संध्या को कंजी दूँगी। अवश्य आइए।" आमच्या औशाकडे कांजी म्हणजे कपड्यांना करायची खळ. माझी बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी, लातूरला गेली होती आणि माझ्या शर्टांच्या कॉलरी तेव्हापासून मान टाकून होत्या. बाईंच्या नजरेला ते पडलं असणार, परदेशात आपली माणसंच उपयोगी पडतात, असा विचार करत मी संध्याकाळी हँगरसकट दोन पांढरे शर्ट घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेलो.

टीचरांनी शर्टांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. काही न विचारता शर्ट घेतले, दारामागच्या खुंटीला लावले आणि म्हणाल्या, "वस्त्र बदलने की आवश्यकता नहीं थी। ऐसे ही बैठिए।"

मी बसलो. पुढ्यात एक खोलगट वाडगा आला. त्यात लाल जाड तांदळाची पेज, बाजूला परतलेले मूग, भाजलेला पापड आणि खोबऱ्याची लालभडक चटणी. मला वाटलं, शर्टांना करायच्या आधी खळ दाखवतात की काय. मग त्यांनी चमचा दिला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. पण उजेडाबरोबर रागही आला. आमच्याकडे पेज आजारी माणसाला देतात. चांगल्या धडधाकट इंजिनियरला जेवायला बोलावून पेज वाढायची, म्हणजे काय? मी स्पष्ट बोलणारा माणूस आहे. मी त्यांना माझ्या हिंदीत सांगितलं की मेरेको बुखार नहीं है, आणि शर्टांचं काय ते पण सांगितलं.

बाई हसायला लागल्या त्या थांबेनात. पदर तोंडाला लावून ओट्याला टेकून हसल्या. मग डोळे पुसून दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, 'मेरेको' असा शब्द हिंदीत नाही, 'मुझे' आहे. दुसरी, "अतिथि को चावल देते हैं। कंजी घरवालों को देते हैं।"

त्या दिवसापासून जिन्यात भेटल्या की त्या विचारायच्या, "शर्ट ने भोजन किया?"

टीचर ओट्टपालमजवळच्या एका गावात तीस-पस्तीस वर्षं सरकारी शाळेत हिंदी शिकवून निवृत्त झाल्या होत्या. केरळात शिक्षिकेला सगळे 'टीचर'च म्हणतात, नवरासुद्धा म्हणायचा, असं त्या सांगत. त्यांचा मुलगा सुनील तोयोसुच्या माझ्याच ऑफिसात. तिथे तो सुनील-सान, मी संतोष-सान, आणि राहायला एकाच इमारतीत, तो वर आणि मी खाली. सुनीलची बायको आयुमी जपानी, औषधांच्या दुकानात काम करणारी, अतिशय नम्र. त्यांची मुलगी मीना दुसरीत. टीचरांना जपानी येत नव्हतं, आयुमीला मल्याळम येत नव्हतं, मीनाला जपानीशिवाय काही बोलायची गरज वाटत नव्हती आणि सुनील रात्री दहाच्या आत घरी येत नव्हता. मी बहुतेक दिवस घरूनच काम करायचो, म्हणजे दिवसभर टीचरांना समजेल अशी भाषा बोलणारा इमारतीत मी एकटा. माझी हिंदी ही भाषा आहे, हे मात्र त्यांनी शेवटपर्यंत मान्य केलं नाही.

इथे माझ्याबद्दल एक सांगायला हवं, कारण मी ते सगळ्यांनाच सांगतो. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. आजोबा अंगठा लावायचे, वडील सातवी. हे मी ऑफिसातल्या जपानी लोकांना सांगितलंय, घरमालकाला सांगितलंय, एकदा केस कापताना न्हाव्यालाही सांगितलंय. टीचरांना दुसऱ्याच भेटीत सांगितलं. त्या मन लावून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आप पहले ग्रैजुएट हैं, बहुत अच्छी बात है। अब 'मेरेको' बोलनेवाले अंतिम व्यक्ति भी बनिए।"

असं होतं त्यांचं. व्याकरण आणि जेवण या दोन गोष्टींत त्या कुणाला सोडत नसत. सकाळी कचऱ्याच्या पिशव्या ठेवायच्या जाळीपाशी इमारतीची साफसफाई करणारे गृहस्थ भेटले की टीचर त्यांना मल्याळममध्ये विचारत, "ऊण् कळिच्चो?" म्हणजे जेवलात का? ते वाकून जपानीत शुभ सकाळ म्हणत. दोघांचंही समाधान व्हायचं. आम्ही औशाचे लोकही रस्त्यात भेटलेल्या माणसाला जेवलास का विचारतो. पण विचारून पुढे निघून जातो. टीचर उत्तराची वाट पाहत उभ्या राहायच्या, आणि उत्तर पटलं नाही तर माणसाला वर घेऊन जायच्या.

त्यांच्या स्वयंपाकघरात खोबरेल तेलाचा, कढीपत्त्याचा आणि चिंचेचा असा एक एकत्र वास असे, जो जिन्यातून खाली माझ्या दारापर्यंत येई. पहिले काही दिवस मी नाक मुरडलं. आम्ही करडईच्या तेलावर वाढलेली माणसं. खोबरेल आमच्याकडे डोक्याला लावतात. पंधरवड्यात अशी पाळी आली की त्या वासावरून आज अवियल आहे का ताकाची कढी, हे मला लॅपटॉपसमोर बसून ओळखता यायला लागलं. कामातल्या चुका मात्र ओळखता येईनात.

टीचर तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. आईबापांना इथे त्याहून जास्त राहू देत नाहीत. आधीही दोनदा आल्या होत्या. पण या खेपेला गुडघे बोलायला लागले होते, आणि ही शेवटचीच फेरी असं त्यांनी स्वतःशी ठरवून टाकलं होतं. आणि या फेरीत त्यांना एकच काम उरकायचं होतं.

ते काम मला कळलं ते मीनाच्या जेवणावरून. मीना जेवायच्या आधी हात जोडायची, जेवल्यावर हात जोडायची, आणि 'गोचिसोसामा' म्हणजे छान जेवण झालं, आभारी आहे, असं म्हणून वाटी स्वतः बेसिनपाशी नेऊन ठेवायची. मी म्हटलं, काय वळण लावलंय पोरीला. आमच्याकडे मी पदवीधर होईपर्यंत ताटावरून उठून आईलाच हाक मारत होतो. टीचरांचं तोंड मात्र उतरलं. म्हणाल्या, ही मला धन्यवाद देते. हॉटेलात देतात तसे.

मग त्यांनी त्यांच्या घरची गोष्ट सांगितली. ही सात भावंडं. संध्याकाळी दिवा लागला की स्वयंपाकघराच्या मागच्या ओसरीवर कंजीचं मोठं पातेलं यायचं. आजी पळी घेऊन बसायची. जो सगळ्यांत आधी 'भूक लागली' असं ओरडेल त्याच्या वाडग्यात तळातला दाट भात. जो गप्प बसेल त्याला वरचं पाणी. आजीचं म्हणणं, तोंड दिलंय ते मागायला. मागितल्याशिवाय मिळतं ते देवळात आणि परक्याच्या घरी.

"मेरी पोती मुझसे एक बार भोजन माँगे," टीचर म्हणाल्या. "बस। फिर मैं चली जाऊँगी।"

आता एवढंसं काम. मी म्हटलं, टीचर, काळजी करू नका, मी आहे. मी जपानी भाषेची वरून दुसऱ्या पायरीची परीक्षा पास आहे. हेही मी सगळ्यांना सांगतो.

पहिला प्रयत्न कंजीचाच झाला. टीचरांनी मीनापुढे वाडगा ठेवला. मीनाने आत पाहिलं आणि माझ्याकडे वळून जपानीत म्हणाली, मी आजारी नाहीये. जपानातही पेज आजारी माणसालाच देतात. लातूर जिल्हा आणि जपान यांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. टीचरांनी मला विचारलं, काय म्हणते? मी भाषांतर केलं की ती म्हणते, तिची तब्येत उत्तम आहे. टीचरांना फार आनंद झाला. त्यांनी अजून एक पळी वाढली. मीनाने हात जोडले, दोन चमचे गिळले, आभार मानले आणि वाडगा बेसिनपाशी नेऊन ठेवला. उरलेलं मी संपवलं.

मग टीचरांना फणसाच्या पानाची आठवण झाली. त्यांच्याकडे कंजी चमच्याने खात नसत. फणसाचं पान दुमडून, आपण द्रोणाला टोचतो तशी नारळाच्या झावळीची हीर टोचून, त्याचा खोलगट चमचा करत. पानाचा चमचा पाहून पोर हरखेल, असं टीचरांना वाटलं. इचिकावात फणस कुठून आणायचा? पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी मात्सुओ-सान नावाच्या म्हाताऱ्या गृहस्थांचं जुनं घर होतं, आणि त्यांच्या भिंतीवरून बाहेर आलेलं झाड होतं काकीचं, म्हणजे त्या टोमॅटोसारख्या दिसणाऱ्या जपानी फळाचं. त्याचं पान जाड, चकचकीत, थेट फणसासारखं. टीचर ते जाता-येता बोटांनी चाचपून बघत असत. तोडत मात्र नव्हत्या. न विचारता पान तोडणारीला मी नापास केलं असतं, म्हणाल्या.

विचारायला मी गेलो, टीचरांना सोबत घेऊन. मात्सुओ-सान दारात आले. मी वाकलो आणि परीक्षा पास झालेल्या माणसाच्या ऐटीत सांगितलं की या आजींना पान हवं आहे. जपानीत पानाला 'हा' म्हणतात. आणि दातालाही 'हा' म्हणतात. झाडाचं नाव मी आधी घेतलं असतं तर काही बिघडलं नसतं, पण मला वाटलं, झाड तर समोरच आहे.

मात्सुओ-सानांनी टीचरांच्या तोंडाकडे अत्यंत करुणेने पाहिलं. आत गेले, कागद-पेन्सिल घेऊन आले आणि स्टेशनजवळच्या दातांच्या दवाखान्याचा नकाशा काढून दिला. वर सांगितलं की डॉक्टर हळुवार हाताचे आहेत, माझी कवळी त्यांनीच बसवली. आणि पुरावा म्हणून ती थोडी हलवून दाखवली. मी घामाघूम. टीचरांनी विचारलं, हे काय म्हणतात? मी म्हटलं, टीचर, ते तुम्हाला दात देत आहेत.

टीचरांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की ओट्टपालमच्या किती पिढ्या त्या नजरेखाली विभक्ती प्रत्यय शिकल्या असतील ते मला समजलं. मग त्यांनी मात्सुओ-सानांकडे वळून आपले बत्तीसच्या बत्तीस दात दाखवले, झाडाकडे बोट केलं, हवेत पान दुमडलं आणि हवेतली कंजी पिऊन दाखवली. म्हाताऱ्याला एका क्षणात कळलं. त्यांनी स्वतः शिडी लावली. तेव्हापासून दर आठवड्याला आमच्या जिन्यात काकीच्या पानांची पिशवी यायची, आणि इकडून स्टीलचा डबा जायचा. माझ्या परीक्षेचं प्रमाणपत्र मी त्या आठवड्यात भिंतीवरून उतरवलं नाही, पण त्याच्याकडे पाहणं थोडं कमी केलं.

पानाचे चमचे झाले. हिरीऐवजी टूथपिक टोचून टीचरांनी ढीग केला. मीनाला ते फार आवडले. तिने त्यांत बाहुल्या निजवल्या, काही शाळेत नेऊन मैत्रिणींना वाटले, तिथल्या बाईंनी ते वर्गात मांडून ठेवले. कंजीला एकही लागला नाही. कंजी मी खात होतो. मीनासाठी रोज काहीतरी व्हायचं, कधी उकडलेली केळी, कधी तांदळाच्या पिठाचा वाफवलेला पुट्टू, आणि मीना दोन घास खाऊन आभार मानायची, बाकीचं माझ्या पोटात जायचं. टीचरांची मोहीम जसजशी फसत गेली तसतसा माझा पट्टा एकेक भोक पुढे सरकत गेला. बायकोने व्हिडिओ कॉलवर पाहून विचारलं, अहो, बाळंतपण माझं आहे ना?

शेवटी मी स्वतः लक्ष घालायचं ठरवलं. शिकलेला माणूस म्हटल्यावर त्याला लक्ष घातल्याशिवाय राहवत नाही. टीचरांकडून मी मल्याळममध्ये 'भूक लागली' कसं म्हणतात ते काढून घेतलं: विशक्कुन्नु. माझ्या जिभेवर ते बसेना. मग बिस्किटाचा आधार घेऊन पाठ केलं, विस्कुन्नु. दुपारी मीना डबा द्यायला खाली आली की मी तिला आइस्क्रीमची लालूच दाखवून शिकवायचो. तिला व म्हणता येईना, ती म्हणायची बिस्कुन्नु. म्हटलं चालेल, आजीला कळल्याशी कारण. पण हे म्हणायचं कधी, असं तिने विचारलं. भूक लागली की, मी सांगितलं.

मीनाने बराच विचार केला आणि जपानीत म्हणाली, "पण अच्छम्मा मला भूक लागूच देत नाही."

अच्छम्मा म्हणजे वडिलांची आई. पोरीचं खरं होतं. शाळेतून आली की दप्तर उतरायच्या आत ताट पुढ्यात. मागायला जागाच कुठे होती? मी ते शब्दन् शब्द भाषांतर करून टीचरांना सांगितलं. त्या वेळी त्या खोबरं खोवत होत्या. हात थांबला. थोड्या वेळाने पुन्हा खोवायला लागल्या, जरा हळू.

मात्सुओ-सानांच्या झाडाची पानं लाल होऊन गळायला लागली आणि टीचरांचा निघायचा दिवस आला. रविवार होता. आयुमीला दुकानात जावं लागलं. ती सकाळी टीचरांपुढे इतका वेळ वाकून राहिली की शेवटी टीचरांनीच तिला खांद्याला धरून सरळ केलं. सुनील विमानतळापर्यंत जाणार होता. मीना आणि मी स्टेशनपर्यंत, बॅगा उचलायला.

त्या दिवशी टीचरांनी घरात शेगडी पेटवली होती, वास माझ्यापर्यंत आला होता. पण मीनाला त्यांनी सकाळपासून काहीच वाढलं नव्हतं. गडबडीत राहून गेलं, असं सुनील नंतर म्हणाला. मला आजही खात्री नाही. जी बाई कचऱ्याच्या जाळीपाशी उभ्या माणसाला उपाशी सोडत नव्हती, तिचं असं राहून जाईल?

फलाटावर आम्ही बाकावर बसलो. टीचरांनी साडीवर सुनीलचं फुगीर जाकीट घातलं होतं. मांडीवर प्रवासाचा पुडा होता: निशी-कासाईच्या भारतीय दुकानातून आणलेलं केळीचं पान आचेवर नरम करून, त्यात भात, चटणी, अंड्याची पोळी आणि मूग बांधून केलेला. केरळात प्रवासाला निघणाऱ्याला असा भात बांधून देतात. एका माणसाच्या मानाने पुडा मोठाच होता. नारिता विमानतळाची गाडी यायला थोडाच वेळ होता. मीना टीचरांना टेकून उभी होती. तिने पुड्याचा वास घेतला, इकडे-तिकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाली, "अच्छम्मे, बिस्कुन्नु."

सुनील लगेच उठला. बिस्कीट हवंय का, थांब आणतो, म्हणत तो दुकानाकडे निघालादेखील.

"बिस्कुट नहीं," टीचर म्हणाल्या. आपल्या मुलाशी त्या हिंदीत बोलल्याचं मी तेवढंच ऐकलं. "बैठो।"

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तो उच्चार कुणाच्या वर्गातून आला हे त्यांना पहिल्या अक्षरातच कळलं होतं. मी मान खाली घातली आणि दुरुस्तीची वाट पाहिली. दुरुस्ती आली नाही. त्यांनी दोरा सोडला, पान उलगडलं, आणि फलाटावर खोबरेलाचा आणि भाजलेल्या मिरचीचा वास पसरला. रांगेतल्या माणसांनी सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं. टीचरांनी भात चटणीत कालवला, गोळा केला आणि मीनाच्या तोंडात घातला. तिखटाने पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, नाक वाहायला लागलं, आणि तिने पुन्हा तोंड उघडलं. गाडी आली. सुनील घड्याळ दाखवायला लागला. टीचरांनी गाडी जाऊ दिली.

पान रिकामं होत आलं तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "टीचर, मेरेको भी।"

"मुझे भी," टीचर म्हणाल्या, आणि शेवटचा घास माझ्या तोंडात घातला.

त्यांच्यासाठी पुड्यात काही उरलं नाही. दुसरी गाडी आली. सुनीलने बॅगा चढवल्या, टीचर डाव्या हाताने दारातली दांडी धरून चढल्या. मीनाने या वेळी हात जोडले नाहीत, आभार मानले नाहीत. बाहीने नाक पुसलं आणि तोंडातला घास चावत राहिली. त्यानंतर टीचर जपानला आल्या नाहीत. दार बंद होताना त्या काचेपलीकडे उभ्या होत्या, डावा हात आमच्यासाठी हलवत, आणि उजवा, भाताने माखलेला, कशाला लागू नये म्हणून खांद्याच्या वर धरून. आणि त्या नीटनेटक्या गर्दीतली माणसं त्या उष्ट्या हाताला जागा देण्यासाठी थोडी थोडी मागे सरकत होती.